मसाल्याचा समजून धुतलेला डाग : स्तनाग्रातून येणाऱ्या स्रावाचं एक प्रकरण

वय ४४. राहणं कोल्हापुरात, शिवाजी पेठेत. दोन मुलं, धाकटा १५ वर्षांचा. काम रंकाळ्याजवळच्या एका खानावळीत, सकाळी ७ पासून दुपारी ४ पर्यंत. दवाखान्यात सांगितलेली तक्रार एवढीच : "दोन्हीकडनं दूध आल्यागत येतंय आणि पाळी पुढं गेल्या."

हे एका बाईचं प्रकरण नाही. अशा तक्रारींत नेहमी जे घडतं ते एकत्र करून शिकण्यासाठी रचलेलं आहे, त्यामुळे नाव देत नाही. खानावळीत सगळे म्हणतात तसं वहिनी म्हणू. यात दोन वेगवेगळी कारणं एकाच वेळी होती. पहिलं सापडल्यावर दुसरं सहा आठवडे कुणी शोधलं नाही, म्हणून ते सविस्तर मांडावंसं वाटलं.

घडलं ते असं. दुसऱ्यांची ताटं वाढून झाल्याशिवाय खानावळीत स्वतःचं जेवण होत नाही. वहिनींचा पहिला घास पोटात जायचा साडेतीन-चारला, तोही बहुतेक वेळा तांबड्या रश्शासोबत. छातीत जळजळ, करपट ढेकर, पोट टम्म. गणपतीनंतर कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून पित्ताची कॅप्सूल आणली. आराम पडला म्हणून रोज सकाळी एक सुरू राहिली. कॅप्सूलमध्ये दोन औषधं होती : रॅबेप्रॅझोल २० मिलिग्रॅम आणि लेव्होसल्पिराइड ७५ मिलिग्रॅम. पहिलं आम्ल कमी करतं, दुसरं जठर लवकर रिकामं व्हायला मदत करतं. दिवाळीत पाळी आठवडाभर लांबली, नंतरची तीन आठवडे. मार्गशीर्षात आंघोळ करताना दोन्ही स्तनांतून पांढरट थेंब दिसले.

याच सुमारास ब्राच्या उजव्या कपाच्या आत एक तपकिरी डाग दिसू लागला, मेथीच्या दाण्याएवढा. दिवसभर कांदा-लसूण मसाल्यात हात असणाऱ्या बाईला तो मसाल्याचाच वाटणार. साबण लावून घासला, गेला. दोन दिवसांनी तिथंच पुन्हा. मसाला उडाला तर ब्लाऊजवर, बाहेरच्या बाजूला पडतो. हा डाग आतल्या बाजूला होता, फक्त उजवीकडे, आणि दर वेळी त्याच जागी. या तीन गोष्टी त्याच आठवड्यात कुणी एकत्र पाहिल्या असत्या, तर पुढचं सगळं लवकर झालं असतं.

थोरल्या जाऊबाईंनी निदान केलं : "उष्णता झाल्या तुला, सब्जा घाल पाण्यात." सब्जाने नुकसान काही होत नाही, पण महिना गेला. दुसरी भीती कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी पाळी चुकलीय आणि अंगावर दूध आलंय, म्हणजे दिवस तर गेले नाहीत? या लाजेपायी वहिनी दवाखान्यात गेल्या त्या संक्रांत उलटल्यावर.

पहिली भेट

फॅमिली डॉक्टरांनी गरोदरपणाची लघवीची तपासणी केली, निगेटिव्ह. मग विचारलं, गोळ्या कुठल्या चालू आहेत? वहिनी म्हणाल्या, "कसलीच नाही ओ." त्या खोटं बोलत नव्हत्या. बीपीची, शुगरची, थायरॉईडची ती गोळी; पित्ताची कॅप्सूल आपल्याकडे औषधांत मोजलीच जात नाही. म्हणून प्रश्न वेगळा विचारावा लागतो : "मेडिकलमधून स्वतः काय आणता? पित्ताला, उलटीला, झोपेला, डोकेदुखीला?" आणि रुग्णाने उत्तर तोंडी न देता स्ट्रिप सोबत आणावी, मागच्या बाजूची बारीक अक्षरं दिसतील अशी. त्या तुकड्यावर पुष्कळदा सगळं उत्तर असतं.

रक्ततपासणीत थायरॉईडचं टीएसएच २.८, मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन ०.८, दोन्ही ठीक. प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करायला लावणारं संप्रेरक, ९२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. गरोदर नसलेल्या, अंगावर पाजत नसलेल्या बाईत ते साधारण २५ च्या आत असतं. थायरॉईड मंद असेल किंवा मूत्रपिंडं थकलेली असतील तरी प्रोलॅक्टिन वाढतं, म्हणून त्या दोन तपासण्या सोबत करायच्याच असतात. रिपोर्ट पाहून घरात एमआरआयची बोलणी सुरू झाली, कारण मेंदूच्या तळाशी असलेल्या पिच्युटरी ग्रंथीत गाठ असली तरी प्रोलॅक्टिन वाढतं. मग दुसऱ्या भेटीला धाकट्या मुलाने आईच्या पिशवीतली स्ट्रिप काढून टेबलावर ठेवली.

प्रोलॅक्टिन तयार करणाऱ्या पिच्युटरीला मेंदूकडून येणारं डोपामिन हे रसायन सतत लगाम घालून असतं. लेव्होसल्पिराइड डोपामिनची ती जागा अडवतं. लगाम सुटतो, प्रोलॅक्टिन चढतं, दूध येतं, पाळी पुढे जाते. डोम्पेरिडोन आणि मेटोक्लोप्रामाइडही हेच करतात. डोम्पेरिडोन सहसा मेंदूत शिरत नाही, पण पिच्युटरी मेंदूच्या संरक्षक पडद्याबाहेर आहे, म्हणून तिथं ते पोहोचतंच. आपल्याकडच्या पित्ताच्या कॅप्सूलांत पॅन्टोप्रॅझोल किंवा रॅबेप्रॅझोलसोबत यांपैकी एक असणं नित्याचं आहे. साध्या जळजळीला रोज, महिनोन्‌महिने, तपासणीशिवाय हे दुसरं औषध घेण्याचं कारण नसतं. हे डॉक्टरांनीही चिठ्ठी लिहिताना लक्षात घ्यायला हवं; दोष एकट्या मेडिकलवाल्याचा नाही.

मानसिक आजारावरची रिस्पेरिडोन, अमिसल्प्राइड, हॅलोपेरिडॉल ही औषधंही प्रोलॅक्टिन वाढवतात. ती मात्र कुणीही स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. दूध थांबेल, पण आजार उलटला तर ते फार महागात पडतं. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगितलं तर औषध बदलता येतं.

वहिनींची कॅप्सूल बंद झाली. नुसतं रॅबेप्रॅझोल २० मिलिग्रॅम, नाश्त्याआधी अर्धा तास, चार आठवड्यांपुरतं. जेवणाची वेळ साडेबारावर आणायला सांगितलं. मालकिणीने आधी वाढून घ्यायची मुभा दिली, आणि जळजळीला सगळ्यात जास्त उतार त्यानेच पडला. दोन आठवड्यांनी प्रोलॅक्टिन पुन्हा काढलं, यावेळी काळजीपूर्वक : उठून दोन-तीन तास झाल्यावर, रिकाम्या पोटी, वीस मिनिटं स्वस्थ बसून, आणि स्तन तपासायच्या आधी. घाईत जिना चढून येणं, सुईची भीती, स्तन दाबून तपासणं, एवढ्यानेही आकडा वर जाऊ शकतो. आला १७. औषध थांबताच प्रोलॅक्टिन उतरलं, पाळी आली, डोकेदुखी नाही, नजरेच्या कडा अंधारत नाहीत; म्हणजे एमआरआयची गरज उरली नाही. आकडा उतरला नसता तर तो करावाच लागला असता.

घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. केसपेपरवर लिहिलं गेलं : औषधामुळे दूध, सुधारणा.

जे लिहिलं गेलं नाही

पहिल्या दिवशी वहिनींनी तपकिरी डागाचा उल्लेख केला होता, जाता जाता, दारापाशी. "उजवीकडं जरा लालसर दिसतंय." प्रोलॅक्टिनचा आकडा समोर आल्यावर ते वाक्य त्याच कारणाखाली गेलं. या प्रकरणातली खरी चूक ही. प्रोलॅक्टिन वाढलं की दूध येतं ते दोन्ही स्तनांतून आणि प्रत्येक स्तनाग्रावरच्या अनेक छिद्रांतून. ते एका स्तनाच्या एकाच छिद्रातून तपकिरी पाणी आणत नाही. तपकिरी म्हणजे बहुतेक वेळा जुनं रक्त, आणि रक्ताला स्वतःचं वेगळं कारण असतं. दोन तक्रारी होत्या, उत्तर एकीचं मिळालं होतं.

सहा आठवड्यांनी डावीकडचं दूध पूर्ण आटलं. उजवीकडचा डाग तसाच. आता लपायला काही उरलं नव्हतं, म्हणून तो दिसला. वहिनी सर्जन मॅडमकडे गेल्या. तिथं विचारलेले प्रश्न प्रत्येक बाईने स्वतःलाही विचारावेत असे आहेत.

आपोआप येतं का दाबल्यावर? वहिनींना डाग सकाळी उठल्यावर दिसायचा, म्हणजे झोपेत, न दाबता. पिळून पिळून एखादा थेंब काढता येणं हे पुष्कळ निरोगी बायकांत होतं. त्याला फारसा अर्थ नसतो. आपोआप येण्याला असतो. एका बाजूने की दोन्हीकडून? एकाच छिद्रातून की अनेक? स्तनात १५ ते २० दुधाचे विभाग असतात आणि त्यांच्या नळ्या स्तनाग्रावर उघडतात. एकाच छिद्रातून येत असेल तर दोष त्याच नळीत शोधायचा. रंग कुठला? लाल, तपकिरी, किंवा स्वच्छ पाण्यासारखा असेल तर तपास हवाच. स्वच्छ पाण्याला बायका निर्धास्त समजतात. तसं समजू नये. हिरवट, काळपट, पिवळसर, चिकट आणि अनेक छिद्रांतून येणारा स्राव बहुधा नळ्या रुंद होण्यामुळे असतो, चाळिशीनंतर नेहमी दिसतो आणि सहसा निरुपद्रवी असतो. तरी एकदा दाखवून घ्यावा.

रंग घरी नीट कळत नाही, कारण आपल्याकडे ब्रा-ब्लाऊजचं अस्तर मरून, काळं, चॉकलेटी असतं. पांढऱ्या सुती रुमालाची चौघडी करून तीन रात्री आत ठेवावी, सकाळी उजेडात पाहावी आणि तो रुमाल न धुता दवाखान्यात न्यावा. मोबाईलवर फोटोही चालतो. मात्र "अजून येतंय का" पाहायला रोज दाबणं बंद. दाबल्याने स्राव चालू राहतो, प्रोलॅक्टिनही वाढतं, आणि तपासणीच्या दिवशी नळी रिकामी असेल तर नेमकी कुठली ते सापडत नाही. वहिनी रोज आंघोळीत दाबत होत्या. ते थांबवायला त्यांना सगळ्यात जड गेलं.

तपास

मॅडमनी स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या कडेवर एकेक ठिकाणी बोट टेकवत घड्याळाच्या काट्यासारखं फिरवलं. ९ च्या जागी, म्हणजे उजव्या स्तनाच्या बाहेरच्या बाजूला, टेकताच एका छिद्रातून तपकिरी थेंब आला. दुसरीकडे कुठेही नाही. हाताला गाठ नाही, काखेत गाठ नाही, स्तनाग्र आत ओढलेलं नाही, त्वचेला खळी नाही. थेंब लघवी तपासायच्या पट्टीवर ठेवला. रक्ताचा चौकोन रंगला.

थेंब काचेवर घेऊन पॅथॉलॉजीला पाठवायचं सुचवलं जातं. कर्करोगाच्या पेशी दिसल्या तर ते कामाचं, पण "पेशी आढळल्या नाहीत" या रिपोर्टवर तपास थांबवणं ही घातक चूक आहे. स्रावात पेशी उतरतातच असं नाही. पिवळ्या पाकिटातला तो एक कागद पाहून वर्षभर गप्प बसणाऱ्या बायका असतात, म्हणून हे ठासून सांगावं लागतं.

मॅमोग्राफी आणि स्तनाची सोनोग्राफी, दोन्ही झाल्या. चाळिशीपुढे दोन्ही करतात. तिशीच्या आत सोनोग्राफीने सुरुवात होते. मधल्या वयात डॉक्टर ठरवतात. नाव नोंदवताना "नेहमीची तपासणी" न म्हणता बाजू आणि तक्रार सांगायची, म्हणजे त्या जागेचे जादा फोटो घेतले जातात. त्या दिवशी काखेत पावडर, डिओ नको; त्यातले कण फोटोत कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात. पाळी अजून येत असेल तर ती सुरू झाल्यापासून ५ ते १० दिवसांत गेलं तर दुखतं कमी. पण तक्रार गंभीर असेल तर त्यासाठी थांबू नये.

मॅमोग्राफीत काही नाही. सोनोग्राफीत काळ्या वर्तुळाखालची एक नळी फुगलेली, आणि तिच्यात ७ मिलिमीटरची घट्ट वाढ, आत रक्तप्रवाह. श्रेणी बायरॅड्स ४ ए, म्हणजे कर्करोगाची शक्यता कमी, पण तुकडा काढून पाहावाच इतकी. मॅमोग्राफी साफ आणि सोनोग्राफीत दोष, हा घोटाळा नव्हे. स्तनाग्रामागची छोटी मऊ वाढ मॅमोग्राफीत पुष्कळदा दिसत नाही, विशेषतः स्तन दाट असतील तर.

सोनोग्राफीत पाहत, जागा बधिर करून १४ गेजच्या सुईने तुकडे घेतले. रिपोर्ट : नळीतला पॅपिलोमा, विकृत पेशी नाहीत. नळीच्या अस्तरावर देठाने चिकटलेली, चामखिळीसारखी नाजूक वाढ. तो देठ पिळला गेला, वाढीचं टोक दुखावलं, की रक्त झिरपतं. एका बाजूच्या, एका छिद्राच्या, आपोआप येणाऱ्या स्रावाचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. निम्म्याच्या आसपास प्रकरणं हीच. कर्करोग निघतो तो साधारण दहातल्या एकीत. वय वाढलं किंवा सोबत गाठ असली की हे प्रमाण वाढतं. दहातल्या नऊ जणींना तो नसतो, आणि कुणाला आहे ते तपासल्याशिवाय कळत नाही.

सुईच्या तुकड्यात विकृत पेशी नाहीत आणि काही त्रासही नाही, तर छोटा पॅपिलोमा नुसता लक्षात ठेवता येतो. वहिनींचं रक्त थांबत नव्हतं, आणि सुई वाढीच्या एका भागातूनच तुकडा घेते. म्हणून ती एक नळी वाढीसकट काढायचं ठरलं. आधीचा आठवडाभर दाबायचं नाही ही सक्त सूचना, म्हणजे नळी भरलेली राहते. शस्त्रक्रियेत त्या छिद्रातून बारीक सळई घालून नळीची दिशा धरली, वर्तुळाच्या कडेवर छोटा छेद घेऊन तेवढीच नळी काढली. दुसऱ्या दिवशी घरी. आठवडाभर आधार देणारी ब्रा, दोन आठवडे जड पातेलं उचलायचं नाही; खानावळीत हे सांभाळणं अवघड, म्हणून पंधरा दिवसांची बदली आधीच ठरवून ठेवली. स्तनाग्राची संवेदना थोडी कमी होऊ शकते, रक्त साचू शकतं, जखम चिघळू शकते. हे आधी सांगून सही घेतली. जिला पुढे मूल हवं आहे तिने तसं स्पष्ट बोलावं : एक नळी काढल्यावर अंगावर पाजणं बहुधा शक्य राहतं, सगळ्या नळ्या काढल्या तर त्या बाजूने नाही.

खर्चाच्या काळजीने तपास लांबवू नये. सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयात केसपेपर काढून शस्त्रक्रिया विभागात तक्रार सांगता येते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन, आपला उपचार त्यात बसतो का हे दाखल होण्याआधी त्यांना विचारावं.

वेगळी रूपं, वेगळी घाई

आपोआप रक्ताळ किंवा पाण्यासारखा स्राव असेल तर एक-दोन आठवड्यांत सर्जनकडे. सोबत गाठ, खळी, आत ओढलेलं स्तनाग्र असेल तर त्याच आठवड्यात. स्तन लाल, गरम, ताप, पू असेल तर त्याच दिवशी. दुधासोबत डोकं सतत दुखतंय आणि बाजूचं दिसेनासं झालंय, तर तेही त्याच दिवशी. पुरुषाच्या स्तनाग्रातून काहीही आलं तरी दाखवायचं. लाजेने सहा महिने शर्टाआड लपवणारे पुरुष कमी नाहीत.

स्तनाग्रावर एकाच बाजूला खाज, खपली, ओल, आणि मलम लावूनही दोन-तीन आठवड्यांत बरं होत नसेल, तर ते नायटा किंवा इसब समजून नवी ट्यूब आणू नये. पॅजेट आजार, म्हणजे स्तनाग्रावर उगवलेला कर्करोग, असाच दिसतो. तो स्तनाग्रापासून सुरू होऊन वर्तुळाकडे पसरतो. इसब बहुधा उलटं, वर्तुळाकडून. छोटा तुकडा तपासला की उलगडा होतो.

बाळंतिणीचं पहिल्या काही दिवसांचं दूध गंजक्या पाण्यासारखं लालसर येऊ शकतं. आठवड्याभरात निवळतं आणि बाळाला पाजायला हरकत नसते. नाही निवळलं तर दाखवावं. पाजणं सोडल्यावर सहा महिने ते वर्षभर, कधी त्याहून जास्त, थोडं दूध येत राहू शकतं. आणि नवजात बाळाच्या छातीतून, मुलगा असो की मुलगी, दुधाचे थेंब येतात ते आईच्या संप्रेरकांमुळे. मालीशवाल्या मावशी ते पिळून काढतात. कृपा करून पिळू देऊ नका. तिथं पू होऊ शकतो, आणि तो मग चिरा देऊन काढावा लागतो. हात न लावता ते काही आठवड्यांत आपोआप जातं.

वहिनींचा शेवटचा रिपोर्ट पाडव्याच्या आधी आला : पॅपिलोमा, पूर्ण निघालेला, विकृत पेशी नाहीत. पांढरा रुमाल तीन रात्री ठेवून पाहिला, कोरा. पुढची भेट सहा महिन्यांनी, मॅमोग्राफी वर्षाने. फाईलच्या पहिल्या पानावर मॅडमनी लाल पेनने लिहिलं : लेव्होसल्पिराइड, डोम्पेरिडोन नको. त्याचाच फोटो आता मुलाच्या मोबाईलमध्ये आहे, मेडिकलमध्ये पित्ताचं काही मागताना दाखवायला.